गोवा ट्रान्सच्या जुन्या टेप आणि रेकॉर्ड: जमवायच्या, डिजिटल करायच्या, वाटायच्या

गोवा ट्रान्स, म्हणजे नव्वदच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून घडलेलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, जमवायला बसलात तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे संगीत आपल्यापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी आलं. रेकॉर्ड छापल्या गेल्या मुख्यतः युरोपात. ड्रॅगनफ्लाय, टिप, फ्लाइंग ऱ्हायनो, मात्सुरी, ब्लू रूम ही लंडनकडची लेबलं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या), तर स्पिरिट झोन हॅम्बुर्गचं. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर मात्र विनाइल, म्हणजे या प्लॅस्टिकच्या रेकॉर्ड, फारसं वाजलंच नाही. उन्हात ते वाकतं, वाळू आणि खारा वारा सुईला मानवत नाही. म्हणून तिथले डीजे आधी कॅसेट वापरत आणि १९८७ साली डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) बाजारात आल्यावर हळूहळू डॅटकडे वळले. डॅटवरून डॅटवर काढलेली डिजिटल नक्कल हुबेहूब निघते. त्यामुळे ट्रॅक छापून येण्याच्या कितीतरी आधी डीजेंमध्ये हातोहात फिरायचा, आणि काही ट्रॅक तर कधी छापलेच गेले नाहीत.

म्हणून वस्तू हातात आली की पहिला प्रश्न हाच: याची दुसरी प्रत कुठे असेल का? छापील रेकॉर्ड असेल तर असणारच, ती निवांत हाताळा. पार्टीत मिक्सरवरून भरलेली कॅसेट किंवा डॅट असेल, तर ती एकुलती एक आहे असं धरूनच चाला. ती आधी डिजिटल करा, मग ऐका. कुतूहलापोटी घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून बघितलेली टेप गुंडाळली गेली की सगळा मामला तिथेच संपतो.

रेकॉर्ड घेताना

डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या ऑनलाइन यादीवर शोध सुरू करा. ही यादी २००० साली इलेक्ट्रॉनिक संगीतासाठीच सुरू झाली होती, त्यामुळे या प्रकारात तिची नोंद सर्वांत भरगच्च आहे. एकाच ट्रॅकच्या अनेक आवृत्त्या तिथे दिसतील. मूळ छपाई कोणती हे कव्हरवरून ठरवू नका. रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलच्या कडेला, गाणं संपतं त्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली अक्षरं आणि आकडे बघा. विक्रेत्याकडे त्या पट्ट्याचा तिरप्या उजेडातला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढे जाऊ नका.

दर्जाची 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) वगैरे अक्षरं डोळ्यांनी बघून दिलेली असतात, आणि डीजेच्या रेकॉर्डबाबत डोळे फसवतात. जड सुईने शेकडो वेळा वाजलेल्या रेकॉर्डची चकाकी शाबूत असते, पण खाचेतला वरचा आवाज झिजलेला असतो. शिवाय ट्रॅकची सुरुवात पकडण्यासाठी डीजे रेकॉर्ड हाताने मागे-पुढे फिरवतो, त्याने पहिल्या ठोक्याच्या आसपास खरखर बसते. पहिल्या अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग मागितलं की हे लगेच कळतं. ओरखडा असेल तर तो नखाला लागतो का हे विचारा. लागत असेल तर टकटक ऐकू येणारच.

परदेशातून मागवताना रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून, आतल्या पिशवीसकट कव्हरच्या मागे ठेवून पाठवायला सांगा. नाहीतर हेलकाव्यांनी ती कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच किंमत मोजा. एकेक मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून चार-पाच घेतलेल्या परवडतात. मुंबईच्या चोर बाजारात हिंदी आणि रॉक ढिगाने मिळेल, ट्रान्स मिळण्याची आशा धरून जाऊ नका.

धुणं आणि ठेवणं

७५० मिली डिस्टिल्ड पाणी, २५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि छायाचित्रकार वापरतात त्या वेटिंग एजंटचे तीन-चार थेंब. मऊ मखमली कापडाने खाचेच्या दिशेने पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभं वाळवायचं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. बॅटरीसाठी विकतात ते डिमिनरलाइज्ड पाणीही चालतं, फक्त त्यात ॲसिड नाही हे लेबलवर वाचून घ्या. हे मिश्रण विनाइलसाठी आहे. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलं तर त्या खराब होतील.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून नको. बाहेरची पिशवी पॉलिथिनची घ्या. मऊ पीव्हीसीची पिशवी उष्ण-दमट हवेत रेकॉर्डवर धुरकट डाग पाडते आणि तो धुऊन जात नाही. कपाटात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग पालटला की तापवून परत वापरा.

कॅसेट

डेक चांगला हवा, आणि चांगला म्हणजे महागडा नव्हे, तर नीट केलेला. पट्टे नवीन, वेग तपासलेला, हेड स्वच्छ. हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारी बारीक दांडी) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत ते मिळतं. रबरी रोलरला मात्र ते वारंवार लावू नका, रबर कडक होऊन चिरतं. ओलसर कापड पुरतं.

कॅसेटच्या खिडकीतून बघा. टेपवर पांढुरकी बुरशी असेल तर ती डेकमध्ये घालायचीच नाही, बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. मधल्या फटीत टेपमागे नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबलेला, कमी-जास्त होणारा येतो. अशा वेळी स्क्रूवाल्या नव्या कवचात टेप हलवावी. टेप बरी असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वेटोळं सैल-घट्ट राहत नाही. सी-१२० (१२० मिनिटांची) असेल तर हेही जपून. ती टेप फार पातळ असते, ताणली जाते.

आता सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट, जी बहुतेक जण करतच नाहीत: ॲझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. ज्या मशीनवर कॅसेट भरली तिचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळत नसेल तर हाय-हॅट (ठोक्यातली झांज) आणि ॲसिडच्या, म्हणजे चिरक्या सिंथच्या, रेषेची धार बोथट येते. मग लोक इक्वलायझरने ट्रेबल वाढवतात आणि फक्त सूं-सूं वाढते. हेडच्या बाजूचे दोन स्क्रू बघा. त्यातला स्प्रिंगवर बसलेला ॲझिमथचा. त्याच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा. कॅसेट चालू ठेवा, हेडफोनमध्ये दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका आणि स्क्रू अगदी थोडा थोडा, एका वळशाच्या आठव्या भागाहून कमी, फिरवा. एका जागी हाय-हॅट एकदम उघडेल आणि पुढे गेलात की परत मिटेल. उघडलं तिथेच थांबा. बी बाजूला परत जुळवा, ती कदाचित दुसऱ्या मशीनवर भरलेली असेल. काम झालं की स्क्रू खुणेवर आणा.

डॉल्बीबाबत, म्हणजे कॅसेटची सूं-सूं कमी करणाऱ्या डेकवरच्या सोयीबाबत, कव्हरवर काही लिहिलं नसेल आणि कानाला खात्री नसेल तर ते बंद ठेवूनच घ्या. चुकीच्या डॉल्बीने खाल्लेला वरचा आवाज नंतर परत आणता येत नाही.

डिजिटल करताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. तासाला साधारण १ जीबी लागतो. ९६ किलोहर्ट्झला दुप्पट जागा जाते आणि कॅसेटमध्ये तेवढं वरचं काही नसतं. हौस असेल तर घ्या. सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. पार्टीच्या टेपमध्ये मध्येच कुणीतरी मिक्सरचा दांडा वर ढकललेला असतो, तेव्हा आधी सगळ्यात मोठा भाग शोधून पातळी लावा. घूं असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. विनाइलसाठीही हेच आकडे. फक्त टर्नटेबलची अर्थिंगची तार जोडायला विसरू नका आणि सिग्नल फोनो प्रीअँपमधूनच (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पेटीतूनच) न्या.

डॅट

डॅट डिजिटल आहे, म्हणून तिचा ऑडिओ-आउटवरून पुन्हा ॲनालॉग नमुना घेणं वेडेपणाचं. डिजिटल आउट ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल केबलने ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या पेटीला) जोडा. सोनीच्या खिशात मावणाऱ्या मशीनना त्यासाठी वेगळी खास केबल लागते, मशीन घेताना तीही आहे का बघा. इंटरफेसचं क्लॉक 'एक्स्टर्नल' करा. ते 'इंटर्नल' राहिलं तर दोन घड्याळं सरकत जातात आणि काही सेकंदांनी बारीक टिकटिक येत राहते. लोक ती टेपची खराबी समजतात. टेपवरचा नमुने घेण्याचा दर ४८, ४४.१ की ३२ किलोहर्ट्झ हे मशीनच्या पडद्यावर बघून सॉफ्टवेअरमध्ये तोच ठेवा, १६ बिट. रूपांतर नंतर, वेगळ्या प्रतीवर.

टेप मध्येच गप्प होत असेल किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर फिरत्या ड्रमवरची हेड घाण आहेत, नाहीतर ज्या मशीनवर भरली तिची जुळणी निराळी होती. दुसरं मशीन मिळवून बघणं हाच उपाय. सोनीने डॅट मशीन बनवणं २००५ साली थांबवलं, चालू मशीन दर वर्षी कमी होतायत. हे काम पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका. आवाज अनैसर्गिक तीक्ष्ण वाटला तर टेपवर प्री-एम्फसिस आहे का तपासा. काही मशीन भरताना वरचा भाग मुद्दाम वाढवतात आणि वाजवताना परत उतरवतात. डिजिटल नक्कल करताना ते उतरवणं आपोआप होत नाही, सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं.

साफसफाई

कमीत कमी. मूळ ट्रान्सफरची फाइल तशीच फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात) बंद करून ठेवा, सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. आपोआप क्लिक काढणारी साधनं टीआर-९०९ या ड्रम मशीनचा रिमशॉट आणि हाय-हॅट क्लिक समजून खातात. नॉइज रिडक्शन टीबी-३०३ या बास सिंथच्या रेझोनन्सची शेपटी कापतं. क्लिक हाताने, एकेक, झूम करून काढा. टकटक मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर दर १.८ सेकंदाने, ४५च्यावर दर १.३३ सेकंदाने येत असेल तर तो ओरखडा आहे. तसं नसेल तर धूळ किंवा स्थिर विद्युत, परत धुऊन बघा. खालची गडगड काढायला २० हर्ट्झच्या वर फिल्टर नेऊ नका. किक (ड्रमचा मुख्य खालचा ठोका) ५० हर्ट्झच्या आसपास बसते, फिल्टर वर सरकवला की पार्टीचा जीवच जातो.

दुसऱ्याकडून आलेली फाइल तपासताना

मोठ्या आकाराची फ्लॅक म्हणजे चांगली प्रत नव्हे. कुणीतरी एमपी३वरूनच बनवलेली असू शकते. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी किती उंच आवाज आहे ते दाखवणारं चित्र) उघडा. १६ किलोहर्ट्झला भिंत उभी असल्यासारखी रेघ आणि वर काळोख म्हणजे बहुधा १२८ केबीपीएसची एमपी३. पण घाई नको. एफएमवरून भरलेल्या टेपलाही १५ किलोहर्ट्झला सीमा असते, आणि कधी कधी १९ किलोहर्ट्झला पायलटची (एफएम स्टिरिओच्या खुणेच्या सुराची) बारीक सरळ रेघ दिसते. ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डचा १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसी रेडिओ १ वर लागलेला गोवा मिक्स असाच अनेकांनी घरी रेडिओवरून भरला, त्याच्या प्रतींत ही खूण शोधा. डॅट लाँग-प्लेवर, ३२ किलोहर्ट्झला भरली असेल तरी १५च्या अलीकडे भिंत दिसते. साध्या कॅसेटमध्ये भिंत नसते, आवाज हळूहळू विरतो आणि वर सूं-सूंचं धुकं राहतं.

नोंदी आणि ट्रॅकलिस्ट

कॅसेटच्या कव्हरचे दोन्ही बाजूंचे फोटो आधी. फाइलचं नाव वर्षाने सुरू करा, मग महिना-दिवस, ठिकाण, डीजे, बाजू. जे माहीत नाही तिथे अंदाज न लिहिता रिकामी जागा सोडा. कव्हरवर 'गोवा ९५' लिहिलंय म्हणून मिक्स तिथे वाजला असं होत नाही. ते नुसतं शैलीचं नाव म्हणूनही लिहीत असत.

ओळखण्याच्या ॲपवर फार विसंबू नका. न छापलेला ट्रॅक त्यांना सापडत नाही आणि पिच (वाजवण्याचा वेग) बदललेला चुकीचा सांगतात. छापील आवृत्ती आणि डॅटवरची आवृत्ती यांत फरकही असतो, तेव्हा वेळ जुळवून बघा. सीमा ठरवताना एक उपयोगी खूण: डॅट मशीनवर डीजेला पिच जुळवता येत नसे, म्हणून बदल बहुधा ठोके थांबलेल्या तरंगत्या भागावर होतो. लांब, ठोक्यावर ठोका बसवलेलं मिश्रण ऐकू आलं तर तो सेट विनाइलवरचा असण्याची शक्यता जास्त.

वाटताना

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे नव्वदच्या दशकातलं काहीही मोकळं नाही, 'आता कुठेच मिळत नाही' हे कारण कायद्यात बसत नाही. छापील रेकॉर्डची फाइल सार्वजनिक करू नका. आधी बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर शोधा, बऱ्याच निर्मात्यांनी जुनं काम तिथे स्वतः ठेवलंय, आणि बेल्जियमचं सनट्रिप हे लेबल २००४ पासून याच शैलीत संगीत काढतंय. तिथे दोन पैसे गेले तर ते योग्य हातात जातात.

डीजे मिक्ससाठी मिक्सक्लाउड ही साइट बरी, कारण तिथे हक्कांची परवान्याची व्यवस्था आहे आणि श्रोत्याला डाउनलोड मिळत नाही. यूट्यूब आणि साउंडक्लाउडवर आपोआप ओळख पटून मिक्स अडवला जातो. डीजे हयात असेल तर त्याला विचारा आणि त्याच संदेशात ट्रॅकलिस्टही पाठवा. नुसत्या 'परवानगी द्याल का' या ओळीपेक्षा त्याला उत्तर लवकर येतं, आणि रिकाम्या राहिलेल्या दोन-तीन जागाही बऱ्याचदा तोच भरून देतो. संग्राहकाशी देवाणघेवाण करताना मूळ फ्लॅक, कव्हरचे फोटो आणि एक छोटी मजकूर-फाइल द्या: कोणता डेक, कोणता डॉल्बी, ॲझिमथ जुळवला की नाही, पुढे काय बदललं. कुणी मिक्स काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा. ट्रॅकलिस्ट आणि फोटो राहू देता येतील का एवढं विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात.