चार चादरींची मगर : पार्किंगमधे खऱ्या मापाची सार्कोसुकस कशी काढायची

सुट्टी लागली की आमच्या अपार्टमेंटची पोरं संध्याकाळी सगळी खाली पार्किंगमधे असतात. त्यांच्यासोबत मी दोन वर्षं झाली हे करतोय आणि मनापासून सांगतो तुम्ही पण करून बघा. कारण पोरांना डायनासोर पाठ असतात पण मगरीचं खानदान म्हटलं की "मगर तर कोट्यवधी वर्षं आहे तशीच आहे ना" एवढंच माहिती असतं, आणि ते चूक आहे. पळणाऱ्या मगरी होत्या, पाला खाणाऱ्या होत्या, समुद्रात माशासारखी शेपटी घेऊन फिरणाऱ्या पण होत्या. पुस्तकात सगळी चित्रं एकाच साइझची, त्यामुळे डोक्यात काय शिरत नाही. जमिनीवर खऱ्या मापात काढलं की लगेच कळतं.

सामान काही विशेष नाही. मोजायचा टेप, ३५ फूट सुतळी, खडू, गेरू, दोन किलो पांढरी रांगोळी. मैदानावर मारतात ती फक्की घेऊ नका, चुनाच असतो तो, पोरांच्या डोळ्यात गेला की लै त्रास. आणि चार जुन्या सोलापुरी चादरी. वेळ सहानंतरचीच धरा, एप्रिल-मेमधे त्याआधी फरशीवर हात पण ठेववत नाही.

सुरुवात सार्कोसुकसपासून करा, म्हणजे मगरीच्या खानदानातली आता नामशेष झालेली एक प्रचंड मगर. हिचे सांगाडे आफ्रिकेत नायजर देशात सहाराच्या वाळवंटात सापडले, १९६६ मधे नाव दिलं गेलं. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी तिथं मोठमोठ्या नद्या होत्या. नेटवर अजून ४० फूट लांबी दिसते, मी पण पहिल्या वर्षी तेच धरून काढलेलं आणि पोरांना चुकीचं सांगितलं याचं नंतर वाईट वाटलं, कारण आत्ताचा अंदाज ९ ते साडेनऊ मीटर आहे, म्हणजे ३१ फुटांपर्यंत. घरातली चादर मोजली तर साडेसात फूट भरते, चार चादरी लांबीला एकापुढे एक टाकल्या की झाले ३० फूट, वर एक फूट शेपटीचं टोक. आधी चादरी टाकूनच दाखवा. मागच्या वेळी तिसरी चादर टाकली तेव्हा एक छोटा म्हणाला "अजून किती टाकायलाव काका", आणि चौथी टाकल्यावर सगळी गप्प.

मग चादरी उचला, त्या जागी सुतळी ताणून दोन्ही टोकं विटेखाली दाबा आणि दोन गाठी मारा. पहिली तोंडाच्या टोकापासून सव्वापाच फुटावर, तिथं डोकं संपतं. दुसरी बरोबर मध्यावर, तिथं कंबर, कारण मगरीत निम्मी लांबी शेपटीचीच असते. आता खडूनं बाहेरची रेघ. डोक्याची मागची बाजू मी अडीच फूट रुंद धरतो, पोट पाच फूट, हे आजच्या मगरीच्या प्रमाणावरून.

डोक्यावर मात्र घाई करू नका, सगळी गंमत तिथंच आहे. सव्वापाच फुटातला चार फूट नुसता जबडा, लांब आणि निमुळता, पण अगदी टोकाला परत फुगलेला, नाकावर मोठा गोल उंचवटा असल्यासारखा. वरचा जबडा खालच्याच्या पुढं थोडा येतो. डोळे वरच्या बाजूला. दात शंभराहून जास्त, ते पोरांना मोजून काढू द्या. पाठीवर मानेपासून अर्ध्या शेपटीपर्यंत हाडांच्या खवल्यांच्या दोन ओळी, गेरूनं काढा, मोठा खवला फूटभर लांब. त्या खवल्यात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, शास्त्रज्ञांनी ती मोजली आणि पूर्ण वाढायला ५०-६० वर्षं लागत असतील असा हिशोब काढला. हे सांगितलं की पोरं ती वर्तुळं पण काढत बसतात.

शेजारी आजची मोठी मगर काढा, १३ फूट. सांगलीकडं कृष्णेत मगर दिसल्याच्या बातम्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात त्यामुळे तुलना पटकन होते.

नंतर सिमोसुकस, मादागास्करची. फक्त अडीच फूट! थोबाड आखूड आणि चपटं, शेपटी बुटकी, अंगभर चिलखत. दात चक्क लवंगेसारखे, म्हणून ती पाला खायची असं मानतात. मसाल्याच्या डब्यातली एक लवंग आणून पोरांच्या हातावर ठेवा, चित्रापेक्षा ते जास्त लक्षात राहतं. तिसरी मेट्रिओरिंकस, साधारण १० फूट, १६ कोटी वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या समुद्रातली. हिच्या पाठीवर एकही खवला काढायचा नाही, पायांच्या जागी वल्ही, आणि शेपटीचं टोक खाली वाकवून वर माशासारखा पर.

आपल्याकडं काय सापडतं हे पोरं विचारणारच. सोलापुरात आपल्या पायाखाली जो काळा दगड आहे तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात अशी मगर शोधून फायदा नाही. पण गडचिरोलीच्या पलीकडं तेलंगणात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मालेरीच्या लाल मातीच्या थरात पॅरासुकस हिस्लोपी सापडलाय, २२ कोटी वर्षांच्या आसपासचा, मगरीचा लांबचा नातेवाईक. नावातले हिस्लोप म्हणजे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लोप. जागा उरली असेल तर हा पण आठ फुटाचा काढा, दिसायला सुसरीसारखाच, फक्त नाकपुड्या तोंडाच्या टोकाला नाही तर डोळ्यांजवळ काढायच्या. पोरं हमखास टोकाला काढतात, तेव्हा पुसायला ओलं फडकं जवळ ठेवा.