परदेशातील संगणकाची नोकरी: नकार देण्याची मोकळीक कशी राखावी

संगणकशास्त्रातील नीतीची चर्चा बहुधा कोणते काम वाईट, याभोवती फिरते. परदेशी निघालेल्या अभियंत्याने त्याआधी स्वतःला विचारावे की, वाईट काम अंगावर आलेच तर ते नाकारणे आपल्याला झेपेल का? याचे उत्तर व्हिसा, कर्ज आणि करार यांत दडलेले असते आणि ऑफर लेटरवर सही होईपर्यंत ते बरेचसे ठरूनही गेलेले असते.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास १९८५ साली अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी योजनेच्या संगणकीय बाजूवर सल्ला देणाऱ्या समितीत होते आणि त्यांना दिवसाला १,००० डॉलर मानधन होते. प्रत्यक्ष युद्धाच्या परिस्थितीत चाचणी घेता येणार नाही अशा प्रणालीवर विश्वास टाकता येणार नाही, असे सविस्तर लिहून देऊन त्यांनी राजीनामा दिला. अमेरिकी नौदलासाठी त्यांनी अनेक वर्षे काम केले होते, त्यामुळे त्यांना संरक्षणकार्याचेच वावडे होते असे म्हणता येणार नाही. मात्र ते कॅनडातील विद्यापीठात प्राध्यापक होते आणि त्यांची चूल या मानधनावर पेटत नव्हती. याने त्यांच्या धैर्याला उणेपणा येत नाही. आपली तयारी कुठे करायची, तेवढे यातून कळते.

पहिली तयारी व्हिसाची. अमेरिकेत एच-१बी, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या व्हिसावर असताना नोकरी संपली, तर नवी नोकरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. मात्र व्हिसाची स्थिती वैध असताना नव्या मालकाने रीतसर अर्ज दाखल केला, की त्याच्या मंजुरीची वाट न पाहता तिथे रुजू होता येते. म्हणून मंजुरीपत्रे, पगाराच्या पावत्या आणि अनुभवपत्रे यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवाव्यात. जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवास परवान्यावर, पहिले १२ महिने नोकरी बदलताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते. त्यानंतर हे बंधन सैल होते. ‘ग्रीन कार्ड (अमेरिकेतील कायम वास्तव्याचा परवाना) मिळेपर्यंत गप्प बसू’ हा सल्ला आपल्या मंडळींत सर्रास दिला जातो, पण देशनिहाय मर्यादेमुळे भारतीयांची रांग दशकाहून लांब जाऊ शकते आणि तोवर उमेदीची वर्षे सरतात.

दुसरी तयारी पैशाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत निर्णायक. पुण्यातला किंवा नाशिकातला आईवडिलांचा फ्लॅट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढले असेल, तर प्रत्येक नैतिक प्रश्नाला हप्त्याची तारीख चिकटते. नवी गाडी किंवा तिकडचे घर घेण्याआधी सहा महिन्यांचा खर्च, तेवढ्याच महिन्यांचे हप्ते आणि सर्व कुटुंबाची परतीची तिकिटे इतकी रक्कम बाजूला काढावी. नातेवाईक कंजूष म्हणतील, म्हणोत.

करार वाचताना मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती भरपाई मागितली आहे आणि प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मनाई आहे का, हे पाहावे. कॅलिफोर्नियात अशी मनाई सहसा अवैध ठरते. इतरत्र तसे गृहीत धरू नये. मुलाखतीत तीन गोष्टी विचाराव्यात: आपण लिहिलेली प्रणाली शेवटी कोण वापरणार, ज्यांची माहिती वापरली जाते त्यांची संमती कशी घेतली आहे, आणि अभियंत्याने धोका दाखवल्यास काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे. तिसऱ्या प्रश्नावर मुलाखतकार गोंधळला, तर तेही उत्तरच समजावे.

प्रसंग आलाच, तर ‘वरिष्ठांनी सांगितले’ यावर विसंबू नये. फोक्सवॅगनचे अभियंता जेम्स लियांग २००८ साली जर्मनीतून अमेरिकेत आले. मोटारीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी ठेवणाऱ्या प्रणालीतील सहभागाबद्दल डेट्रॉइटच्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना ४० महिन्यांचा तुरुंगवास आणि २ लाख डॉलर दंड ठोठावला.

आक्षेप पार्नास यांच्यासारखा तांत्रिक भाषेत, तारखेसह आणि लेखी नोंदवावा. कोणाचे नुकसान होईल, कसे होईल आणि कोणता बदल केल्यास ते टळेल, एवढेच लिहावे. सहकाऱ्यांच्या हेतूंवर शेरे मारू नयेत. कंपनीची कागदपत्रे किंवा कोड घरच्या संगणकावर उतरवून घेऊ नये, कारण मग मूळ प्रश्न मागे पडून चोरीचा आरोप पुढे येतो. जर्मनीत २०२३ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अशा तक्रारींसाठी अंतर्गत कक्ष ठेवणे बंधनकारक आहे. तिथून सुरुवात करावी. बाहेर तक्रार करण्याची वेळ आल्यास आधी स्वतःच्या खर्चाने वकील गाठावा. कंपनीने व्हिसासाठी नेमलेला वकील या कामी चालणार नाही.