धंदा थंड पडलाय? वडापाव-मिसळवाल्यांनो, या चुका टाळा

आमचं लालबागचं दुकान मंदीतच उभं राहिलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यातले एक माझे बाबा. पगार यायचा बंद झाला म्हणून बाबांनी हातगाडी लावली, आई पहाटे उठून सारण करायची, आणि गाडीवर येणारे पण सगळे बिनपगारीच. गिऱ्हाईकाच्या खिशात पैसे नसताना धंदा कसा करायचा हे आमच्या घरात रोजचं बोलणं होतं, आणि तरीसुद्धा 2016 च्या नोटाबंदीत आणि मग 2020 मध्ये मी स्वतः गल्ल्यावर बसलेली असताना चुका केल्या. आता परत गल्ला हलका लागतोय, आजूबाजूचे दुकानदार रोज विचारतात ताई काय करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

धंदा कुठे पडलाय ते न बघताच घाबरणं

रात्री गल्ला मोजला, कमी भरला, की आपण म्हणतो सगळाच धंदा बसला. तसं सहसा नसतं. एक साधी वही घ्या आणि गल्ला दिवसातून चारदा मोजा, सकाळी अकराला, दुपारी तीनला, संध्याकाळी सातला आणि बंद करताना. पंधरा दिवस केलंत की दिसतं काय पडलंय ते. आमच्याकडे सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळी स्टेशनला जाणारी गर्दी जशीच्या तशी होती, पडली होती ती फक्त दुपार, आणि त्यातही सोमवार आणि शुक्रवार, कारण परळ-लोअर परळची ऑफिसवाली मंडळी त्या दिवशी घरूनच काम करतात. हे कळायच्या आधी मी अख्ख्या दिवसाचा माल कमी केला होता आणि संध्याकाळी साडेसहालाच वडे संपले, बरोबर गर्दीच्या वेळी. गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हाताने गेलं की तिसऱ्यांदा दुसऱ्या गाडीवर उभं राहतं.

आणि तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मे महिन्यात अर्धी मुंबई गावाला असते. श्रावणात अंडा-चिकनवाल्यांचा धंदा खालीच येणार आणि साबुदाणा वड्याचा वर जाणार. गणपतीत कोकणातले लोक गावी जातात म्हणून काही भागात दुकानं ओस पडतात आणि त्याच दहा दिवसात आमच्या लालबागला पाय ठेवायला जागा नसते. ही मंदी नाही, हे कॅलेंडर आहे.

भाव कमी करून गर्दी ओढायला जाणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. हिशोब करून दाखवते, आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. वडापाव 20 रुपये. पाव, बटाटा, बेसन, तेल, चटणी, गॅस, कागद सगळं धरून 11 रुपये गेले, हातात 9. रोज 300 वडापाव गेले तर 2700 रुपये, त्यातून भाडं, पगार, लाईट. आता तुम्ही भाव 18 केलात तर हातात राहिले 7. तेच 2700 मिळवायला रोज 386 वडापाव विकायला लागतील. म्हणजे दोन रुपये कमी करून 86 वडापाव जास्त विकायचे, तेही लोक खर्चाला हात आखडून बसलेत तेव्हा. आणि मंदी गेल्यावर परत 20 करायला गेलात की तेच गिऱ्हाईक म्हणतं, काय ताई, एकदम दोन रुपये वाढवले?

त्यापेक्षा एक पदार्थ स्वस्त ठेवा आणि त्याला हात लावू नका. मॅकडोनाल्डने 2004 मध्ये 20 रुपयांचा मेनू काढला तेव्हा सगळंच स्वस्त नव्हतं केलं, दारात आणायला दोन-चार गोष्टी ठेवल्या होत्या. आमच्याकडे साधा वडापाव हा तो पदार्थ. त्यावर आम्ही फारसं कमवत नाही, पण त्याच्याबरोबर चहा जातो, कधी भजी जाते, आणि मुख्य म्हणजे माणूस रोज येत राहतो.

भाव वाढवायलाच लागला तर सरळ वाढवा, आठवडाभर आधी पाटी लावून. लपूनछपून वडा बारीक करू नका. कांदा महागला म्हणून मिसळीवर कोबी टाकणारे मी बघितलेत, तर्रीत पाणी वाढवणारे बघितलेत, ओल्या खोबऱ्याची चटणी बंद करून नुसती तिखटाची पूड देणारे बघितलेत. लोक भांडत नाहीत, बोलत पण नाहीत, फक्त येत नाहीत. नोटाबंदीच्या वेळी मी फरसाण बदललं होतं, किलोमागे थोडे पैसे वाचत होते म्हणून. तिसऱ्या दिवशी आमचे एक जुने गिरणी कामगार काका प्लेट अर्धी ठेवून उठले, म्हणाले, "पोरी, दोन रुपये जास्त घे, पण हे खायला घालू नको." मी त्याच संध्याकाळी जुनं फरसाण परत आणलं.

तेल

तेलावर जरा जास्त बोलते, कारण आपल्या धंद्यात पैसा खरा इथेच गळतो. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध लागलं, सूर्यफूल तेल अडकलं, मग एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली, ती जवळपास महिनाभर. आपल्या कढईचा भाव कुठे कुठे ठरतो बघा. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने आयात तेलावरचं शुल्क वाढवलं तेव्हा परत तेच झालं. हे आपल्या हातात नाही. हातात काय आहे ते बघा.

पहिलं, डबा घेताना लिटर आहे की किलो ते वाचा. 15 लिटरच्या डब्यात तेल साधारण पावणेचौदा किलोच्या आत भरतं. दोन दुकानदारांचे भाव लावताना एकाचा 15 किलोचा आणि दुसऱ्याचा 15 लिटरचा असेल तर स्वस्त वाटणारा डबा महाग निघतो. मी कित्येक महिने असाच घेत होते.

दुसरं, कढईतला चुरा. वड्याचं सुटलेलं बेसन, भजीचे तुकडे तळाशी जळत राहतात आणि तेच तेल लवकर मारतात. प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने चुरा काढा, आणि दोन घाण्यांच्या मध्ये गिऱ्हाईक नसेल तर आच कमी करा. मंदीत हे जास्त लागतं कारण गर्दी नसताना कढई नुसतीच तापत उभी राहते, तळण अर्धं आणि तेल तेवढंच जळतं. आम्ही दुपारी मोठी कढई उतरवून छोटी चढवायला लागलो, तेलात आणि गॅसमध्ये लगेच फरक पडला. रात्री तेल थोडं निवलं की गाळून झाकून ठेवायचं, उघडं नाही.

तिसरं, जुन्या तेलात नवीन ओतून ते सुधारत नाही, नवीन पण बिघडतं. फेस येऊन बसत नसेल, लवकर धूर येत असेल, तेल काळपट आणि चिकट झालं असेल तर ते गेलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम 1 जुलै 2018 पासून आहे, तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापून बिघडलं की तयार होणारे घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. नियम राहू दे बाजूला, आपल्याकडे शाळेतली पोरं खातात रोज. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी घेणारे अधिकृत लोक आहेत, त्यांना द्या, थोडे पैसे पण सुटतात. गाडीवाल्याला परत तळायला विकू नका. आणि गटारात तर अजिबात नको.

गॅसमध्ये शॉर्टकट

थोडक्यात सांगते. घरचा 14.2 किलोचा लाल सिलेंडर दुकानात लावणं बेकायदा आहे, पकडलं तर दंड आणि स्फोट झाला तर विमा पण हात वर करतो. 2022 च्या मे मध्ये मुंबईत 19 किलोचा सिलेंडर 2300 च्या पुढे गेला होता तेव्हा खूप जणांनी हे केलं, मला समजतं का केलं, तरी करू नका. ज्योत पिवळी दिसते का बघा, पिवळी म्हणजे बर्नर चोंदलाय आणि गॅस वाया चाललाय, तो साफ केला की ज्योत निळी होते. कमर्शियल सिलेंडरचा भाव बहुतेक 1 तारखेला बदलतो, तुमचं कॉस्टिंग पण त्याच दिवशी परत मांडा.

ॲपवरचा धंदा म्हणजे नफा समजणं

डिलिव्हरी ॲपवर ऑर्डरचा टिंग टिंग आवाज यायला लागला की बरं वाटतं. पण 100 रुपयांची मिसळ घ्या, माल 45 चा, डबे-पिशवी 8. ॲपने सांगितलं 20 रुपये सूट द्या, विकली 80 ला. कमिशन 25 टक्के धरलं तर 20 गेले, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे अजून 3 रुपये 60 पैसे. राहिले किती? 3 रुपये 40 पैसे. त्यात कारागिराची मजुरी नाही, भाडं नाही. तीच प्लेट दुकानात बसून खाल्ली तर हातात 55 राहतात. ॲप बंद करा असं म्हणत नाही मी, पावसात तेच कामाला येतं. फक्त सूट आपण ठरवायची, आणि जवळच्या बिल्डिंगमधल्या लोकांना फोनवर ऑर्डर द्यायची सवय लावायची, आमचा पोरगा चालत जाऊन देऊन येतो. यूपीआयवर पैसे घेतले तर दुकानदाराला चार्ज लागत नाही, 2020 च्या जानेवारीपासून तसंच आहे, त्यामुळे सुट्ट्या पैशांची कटकट पण गेली.

मेनू वाढवत सुटणं

गिऱ्हाईक कमी झालं की वाटतं मोमो ठेवूया, फ्रँकी ठेवूया, चायनीज भेळ ठेवूया. प्रत्येक नवीन पदार्थाला वेगळा माल, वेगळा सॉस, फ्रीजरमध्ये जागा, आणि न खपलेलं रात्री फेकायचं. उलटं करा. महिनाभर कुठली प्लेट किती गेली ते लिहा आणि तळातल्या चार काढून टाका. नवीन आणायचंच तर आहे त्याच मालातून आणा. बटाट्याच्या सारणातून वडा होतो, त्याच वड्याचा कट वडा होतो, मिसळीची उसळ सकाळी पावाबरोबर उसळ पाव म्हणून जाते.

कारागिराच्या पगारावर पहिली कात्री

2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमचे दोन कारागीर गावी गेले. एकाला आम्ही दर महिन्याला थोडेफार पैसे पाठवत राहिलो, जमेल तेवढेच, दुसऱ्याला मी फोन पण केला नाही, लाज वाटत होती द्यायला काही नव्हतं म्हणून. 5 ऑक्टोबरला हॉटेलं अर्ध्या क्षमतेने उघडली, पहिला तिकीट काढून आला, दुसरा आला नाही, आणि त्याच्या हातची भजी आमच्याकडे परत कधी तशी झाली नाही. पैसे नसतील तर नाहीत म्हणून सांगा, वही उघडून दाखवा, सुट्टीचे दिवस वाढवून घ्या, दोन पाळ्यांची एक करा, पण माणसाशी बोला. आई म्हणायची कढई विकत मिळते, हात नाही मिळत.

खड्डा भरायला सावकाराचे पैसे

रोजच्या वसुलीचे पैसे घेऊ नका. सकाळी गल्ला उघडायच्या आधीच माणूस दारात उभा असतो आणि मग किराणावाल्याचे थकतात, तो उधार बंद करतो, माल रोखीने आणि महाग घ्यायला लागतो. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही सरकारी कर्ज योजना आहे, जून 2020 ला सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज 10,000 चं होतं, ऑगस्ट 2025 मध्ये ते 15,000 केलं, वेळेवर फेडलं की 25,000 आणि मग 50,000. गाळेवाल्यांना सरकारची मुद्रा कर्ज योजना आहे, त्यातल्या शिशु या सगळ्यात छोट्या गटात 50,000 पर्यंत. पण कर्ज कशाला घेताय ते आधी वहीत लिहा. फ्रीजरचं गेलेलं रबर बदलायला, छोटी कढई घ्यायला, ठीक. मागच्या महिन्याचा तोटा भरायला घेत असाल तर थांबा, आधी तोटा कुठून येतोय ते शोधा.

बंद करायचं कधी हे न ठरवणं

हे लिहिताना आजही जड जातं. आमचं लोअर परळला दुसरं छोटं दुकान होतं, ऑफिसवाल्यांसाठीच घेतलेलं. मार्च 2020 ला लोकल थांबली आणि सगळ्यांसाठी नीट सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला, तोही दोन डोस झालेल्यांना. मी दर महिन्याला म्हणत राहिले पुढच्या महिन्यात उघडेल, आणि लालबागच्या गल्ल्यातून तिथलं भाडं जात राहिलं, अकरा महिने. पहिल्या तीन महिन्यात सोडलं असतं तर डिपॉझिट परत आलं असतं, ते पण भाड्यात वळतं झालं. म्हणून आता भावाने आणि मी मिळून वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहून ठेवलाय, सलग तीन महिने गल्ला त्याच्या खाली गेला तर काय काय बंद करायचं, कुठल्या क्रमाने, ते पण तिथेच. तुम्ही पण घरच्यांना बसवून तो आकडा ठरवा, भाडेकरार काढून नोटीस किती महिन्यांची आहे ते बघा, आणि हे आत्ताच करा, अजून गल्ल्यात पैसे आहेत तोवर.