लुथीआ: भाचीच्या नावाचं कूळ कसं शोधलं

आमच्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. दादाची मुलगी माद्रिदला जन्मली, वहिनी तिथलीच, आणि नाव दोघांनी ठरवून टाकलेलं: लुथीआ. मिरजेला बारसं करायचं ठरलं तेव्हा आई मला म्हणाली, "कानात नाव तू सांगणार, मग त्याचा अर्थ तुला माहीत नको?" हातात तीन आठवडे होते. तेवढ्यात जे शिकले ते लॅटिन घराण्यातल्या कुठल्याही मुलीच्या नावाला उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

आधी आईबाप नाव कसं उच्चारतात ते ऐका आणि कसं लिहितात ते अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. वहिनीने मला आवाजात नाव पाठवलं, ते मी दहा वेळा ऐकलं. माद्रिदकडे मधलं अक्षर जीभ दातांत धरून, आपल्या 'थ'च्या जवळपास म्हणतात. लॅटिन अमेरिकेत तेच 'लुसीआ', इटलीत 'लुचीआ', आणि प्राचीन रोममध्ये 'लूकिआ'. स्पॅनिशमध्ये या नावातल्या 'आय'वर एक तिरकी रेघ असते. ती शोभेची नाही. रेघ काढली तर त्यांच्या नियमाने जोर पहिल्या अक्षरावर जातो आणि नाव बिघडतं. म्हणून पत्रिकेत 'थी' दीर्घच छापायला सांगितली.

अर्थासाठी बाळांच्या नावांच्या याद्यांवर विसंबू नका. मी पाहिलेल्या एका यादीत लुकास आणि लुथीआ या दोन्हींचा अर्थ 'प्रकाश' दिला होता. पण लुकास म्हणजे बहुधा दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रदेशाचा माणूस. त्याचं कूळ वेगळं. सरळ लॅटिन शब्दकोश उघडा. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ सालचा कोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यात 'लुक्स' म्हणजे प्रकाश, आणि त्याची षष्ठी 'लूकिस'. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना 'वाक्, वाचः' आठवेल. प्रथमेत लपलेलं मूळ षष्ठीत दिसतं. त्यावरून मुलाचं नाव लूकिउस आणि त्याचं स्त्रीरूप लूकिआ. उजाडताना जन्मलेल्या मुलाला लूकिउस म्हणत, असं व्हारो हा रोमन पंडित सांगतो.

इथे एक काळजी घ्या. ज्युलिया, क्लॉडिया, कॉर्नेलिया ही मुळात कुळांची नावं. रोमन मुलीला सहसा बापाच्या कुळाचंच नाव मिळे. अशा नावाचा पहिला अर्थ 'त्या घरची लेक' एवढाच. शब्दाची फोड नंतरची.

शोधताना मला सर्वांत आनंद झाला तो पुढच्या गोष्टीने. लॅटिन 'लुक्स' आणि संस्कृत 'रुच्', म्हणजे चमकणे, एकाच प्राचीन धातूपासून आलेले आहेत. त्याच 'रुच्'वरून रुक्म, म्हणजे सोनं, आणि त्यावरून रुक्मिणी. माझ्या आजीचं नाव रखमा. आई पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून म्हणाली, "म्हणजे सासूबाईंचंच नाव की गं!" तसं नाही, हे तिला समजावलं. लूकिआ संस्कृतातून निघालेली नाही. दोन्ही नावं एका मुळाच्या दोन फांद्या. अशा ठिकाणी ओढाताण करून नातं वाढवू नये, आहे तेवढंच पुरेसं सुंदर आहे.

नाव किती चालतं हे पाहायला सरकारी आकडे घ्या. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या पानावर नाव टाकलं की त्या नावाची माणसं किती, कुठल्या प्रांतात, कुठल्या दशकात जन्मलेली, हे दिसतं. नवजात मुली आणि एकूण लोकसंख्या हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. या शतकात लुथीआ नवजात मुलींच्या यादीत अनेक वर्षं पहिली आली. पण एकूण बायकांत मारिया कारमेन पुढे, कारण ते आजीच्या पिढीचं नाव. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याची यादी १८८० पासूनची आहे. तिथे लुसी आणि लुसीआ वेगळ्या मोजतात, म्हणून सगळी रूपं स्वतंत्र शोधावी लागतात.

शेवटी, ते नाव टिकवलं कुणी ते शोधा. इथे उत्तर सिसिलीतल्या सिराक्यूज शहरात आहे. संत लुचीआला तिथे ३०४ साली, रोमन सम्राट डायोक्लेशनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात मारलं गेलं, अशी परंपरा. ती डोळ्यांची रक्षणकर्ती; चित्रांत तिच्या हातातल्या तबकात दोन डोळे असतात. तिचा सण १३ डिसेंबरला. जुन्या ज्युलियन पंचांगात, मध्ययुगात, सर्वांत लहान दिवस या तारखेच्या आसपास येई. १५८२ साली पंचांग सुधारलं तेव्हा तारखा सरकल्या, पण 'सांता लुथीआला रात्र घटते, दिवस वाढतो' ही स्पॅनिश म्हण राहिली. आपणही संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतोच. स्वीडनमध्ये त्या दिवशी पांढऱ्या झग्यातली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून निघते.

सिसिलीत मात्र त्या दिवशी कुच्चीआ खातात: अख्खे गहू भिजवून, शिजवून, वर रिकोटा चीज. १६४६ च्या दुष्काळात धान्याचं जहाज आलं आणि भुकेल्या लोकांनी दळायलाही न थांबता गहू तसेच उकडले, अशी तिथली आठवण. हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती काहीच बोलली नाही.

बारशाच्या आदल्या रात्री घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. सकाळी पाहिलं तर शेजारच्या पातेल्यात गहूही भिजलेले होते.