मनाची निगा: झोपेपासून पहिल्या तपासणीपर्यंत

आपल्याकडे एखाद्याला ताप आला तर घरचे दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेतात. पण महिनाभर ज्याला धड झोप नाही, अन्नाला चव लागत नाही आणि कशातच मन लागत नाही, त्याची 'टेन्शन घेऊ नको' एवढ्यावर बोळवण होते. या सल्ल्यामागचा हेतू चांगला असला, तरी टेन्शन न घेण्याची रीत सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक नसते. मानसिक आरोग्य म्हणजे सदा आनंदी असणे नव्हे. घरातले माणूस गेल्यावर रडू येणे किंवा निकालाच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणे ही ठणठणीत मनाचीच लक्षणे आहेत. प्रश्न एवढाच असतो की झोप, जेवण, काम आणि माणसांशी असलेले संबंध या चार गोष्टी त्या दुःखातही कशाबशा चालू आहेत की एकेक करून बंद पडत आहेत.

सुरुवात झोपेपासून करावी, कारण मन बिघडले की झोप बिघडते आणि झोप बिघडली की मन आणखी बिघडते, आणि या चक्रात आपला हात पोहोचतो तो प्रामुख्याने झोपेपर्यंतच. रात्री झोप कधी लागेल हे आपल्या हाती नसते, सकाळी उठणे मात्र असते. म्हणून रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ रविवारीसुद्धा बदलू नये. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी आटोपावी. चहाकॉफीतील कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. वीस-पंचवीस मिनिटे झोप लागली नाही तर कूस बदलत पडून राहू नये. उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच पुन्हा पडावे.

नागपूरच्या मे महिन्यासाठी वेगळा विचार लागतो. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि दिवसभर पंचेचाळीस अंशांत तापलेल्या भिंती रात्री खोलीत उष्णता सोडत राहिल्या की ते उतरत नाही. अशा वेळी अनेक घरांत कूलर भरधाव चालू असतो, पण समोरची खिडकी मात्र धूळ येते म्हणून घट्ट बंद असते. हवेला बाहेर पडायला वाट नसली की खोली थंड होण्याऐवजी दमट होते आणि अंगाची चिकचिक होऊन माणूस रात्री दोनला उठून बसतो. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी. उन्हाळ्यात घराघरांत वाढणाऱ्या भांडणांचे कारण कित्येकदा स्वभाव नसून अपुरी झोप असते, असे मला वाटते.

आता खर्ऱ्याविषयी. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटण्याचा तो आवाज या शहराला इतका सवयीचा झाला आहे की त्याचा मनाशी संबंध कोणी जोडत नाही. 'डोकं शांत होतं' म्हणून खर्रा खाल्ला जातो, आणि ते अगदी खोटेही नाही; परंतु जी बेचैनी शांत होते ती बऱ्याच अंशी आधीच्या खर्ऱ्यातील निकोटिन उतरल्यामुळेच आलेली असते. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस चिडचिडीचे जातात, तो काळ ओलांडला की ही उसनी बेचैनी ओसरते. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर विनाशुल्क मदत मिळते.

व्यायामाबाबत फार सांगण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. अंबाझरीच्या किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भराभर चालले तरी ती पूर्ण होते. फक्त 'मन झालं की जाईन' असे ठरवू नये, कारण उदास माणसाचे मन आधी होत नाही. ते चालायला लागल्यावर, तेही थोडेसे, होते.

काळजीसाठी एक वही ठेवावी. संध्याकाळी ठरावीक वेळी, समजा साडेसहाला, पंधरा मिनिटे बसून डोक्यात फिरणारी प्रत्येक काळजी एका ओळीत लिहावी आणि समोर तिचे पुढचे पाऊल लिहावे. माझ्या वहीतील एका पानावर 'फीचा हप्ता' यासमोर 'सोमवारी बँकेत विचारणे' असे आहे, 'आईचा गुडघा' यासमोर 'एक्स-रे' आहे, आणि 'साहेब आज असे का पाहत होते' यासमोरची जागा कोरी आहे. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही, ती काळजी सोडवण्याची नसून वाहू देण्याची आहे, एवढे त्यावरून कळते. दिवसा काळजी डोकावली तर तिला साडेसहाची वेळ द्यावी.

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकले आणि कामात अडथळा येऊ लागला, तर घरगुती उपाय पुरेसे नाहीत असे समजावे. नागपुरात मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत, तसेच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ज्याला शहर अजूनही 'पागलखाना' म्हणते आणि या एका शब्दापायी कित्येक माणसे दारातूनच परत फिरतात. बाहेर पडणे शक्य नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते, मराठीतही. जवळच्या कोणाविषयी शंका आली तर 'जीव द्यावासा वाटतो का?' असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिल्या तपासणीला जाताना तीच वही सोबत न्यावी. शेवटच्या पानावर मागील दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा, चालू असलेली सर्व औषधे आणि घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, हे लिहून ठेवावे. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय किंवा बी-12 ची कमतरता यांमुळेही उदासीसारखीच लक्षणे दिसतात, त्यामुळे डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले तर आश्चर्य वाटू देऊ नये. उदासीवरील गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून, किंवा दोन महिन्यांनी 'आता बरं वाटतं' म्हणून, त्या स्वतःहून बंद करू नयेत. कधी आणि कशा कमी करायच्या हा प्रश्न वहीत लिहून पुढच्या भेटीत विचारावा.