आपत्कालीन रेडिओ किट बांधताना या चुका टाळा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा रायगड जिल्ह्याच्या मोठ्या भागातील वीज आणि मोबाइल एकाच वेळी गेले. त्यानंतर स्वतः बांधलेले हॅम रेडिओचे (परवाना घेऊन चालवायच्या हौशी बिनतारी सेटचे) किट मला दाखवायला येणाऱ्यांची संख्या वाढली. सेट बहुधा उत्तम असतो, पेटीही देखणी असते. चूक असते ती सेट आणि बॅटरी यांच्यामधल्या, किंवा सेट आणि आकाश यांच्यामधल्या तारेत, कारण खरेदीची सगळी हौस सेटवरच संपलेली असते.

पहिली आणि मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे बॅटरीपासून सेटपर्यंत लावलेली बारीक वायर. काही वर्षांपूर्वी ताम्हिणी घाटात पावसाळ्याआधीचा सराव ठेवला होता. एका तरुण मित्राने ५० वॅटचा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) सेट आणि १८ अँपिअर-अवरची बॅटरी पेटीत नीटनेटकी बसवून आणली होती. ऐकू सगळे स्वच्छ येत होते, पण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबला की पडदा विझायचा, आतून टिक असा आवाज यायचा आणि सेट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. आम्ही आधी बॅटरीला दोष दिला, मग सेटला, मग अँटेना बदलून पाहिली. त्यात पाऊण तास गेला. शेवटी वायर बाजूला सारायला हात लावला तर ती कोमट लागली. ती स्पीकरला लावतात तसली ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर होती, एका बाजूने तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा. सेट प्रक्षेपण करताना साधारण १० अँपिअर ओढतो, आणि एवढ्या वायरीत त्या प्रवाहाला जवळपास दीड व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीच्या टोकावर १२.२ आणि सेटच्या टोकावर १०.८ व्होल्ट, असे मल्टिमीटरने दाखवले. १३.८ व्होल्टसाठी बनवलेले बहुतेक सेट पंधरा टक्क्यांपर्यंतची घट सोसतात, म्हणजे ११.७ च्या खाली त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

त्या दिवसापासून मी ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरतो, ती दीड मीटरहून लांब ठेवत नाही, आणि व्होल्टेज नेहमी सेटच्या शेपटीवर, म्हणजे सेटमध्ये शिरणाऱ्या वायरीच्या टोकावर, पीटीटी दाबलेला असताना मोजतो. बॅटरीवर मोजून ‘पुरेसे आहे’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. फ्यूजही बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो सेटजवळ असला आणि वाटेतच वायर सोलवटून टेकली, तर सेट वाचतो, पण पेटी पेटते.

दुसरी चूक अँटेनेची. नवखा माणूस हँडीच्या (हातात धरायच्या छोट्या सेटच्या) रबरी अँटेनेवर विसंबतो आणि घाटाच्या पलीकडे आवाज जात नाही म्हणून सेटला शिव्या देतो. दोन मीटर पट्ट्याच्या (सुमारे दोन मीटर लांबीच्या, व्हीएचएफ) लहरी साधारण दिसेल तिथपर्यंतच जातात. मध्ये सह्याद्रीचा कडा आला की ५ वॅट काय आणि ५० काय. मुळशीकडून कोकणात बोलायचे असेल, तर ४० मीटर पट्ट्याचा साधा डायपोल (मधोमध जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तारेची अँटेना) न्यावा. लांबीचे सूत्र सोपे आहे : १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागावे, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण सुमारे २०.१ मीटर, प्रत्येक बाजू दहा मीटरच्या किंचित वर. तार थोडी लांबच कापावी आणि जागेवर एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते ते सांगणारा आकडा) पाहत छाटावी. छाटलेली तार परत वाढवता येत नाही, हे मी घाईच्या भरात दोनदा शिकलो आहे. दूरदेशी बोलायची सवय असलेले लोक ही तार शक्य तितकी उंच चढवतात, आणि इथे तेच चुकते. तीन-चार मीटरवर टांगलेल्या तारेतून लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरावरून) परतून तीन-चारशे किलोमीटरचा परिसर भरतात, डोंगराच्या दोन्ही बाजूंनी. रात्री मात्र ४० मीटरवर जवळची स्थानके अनेकदा नाहीशी होतात, तेव्हा ८० मीटरची तारही गुंडाळून ठेवावी.

बॅटरीचा हिशेब कागदावर करावा. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून खाली नेऊ नये, म्हणजे १८ मधले ९ अँपिअर-अवरच आपले. ऐकताना अर्धा अँपिअर आणि दहा टक्के वेळ १० अँपिअर धरले तर सरासरी दीडच्या आसपास येते आणि किट सहा तासांत बसते. पूर्ण शक्तीवर बोलण्याचा मोह असणाऱ्यांनी हा आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावा. सौर पॅनेलवरून बॅटरी भरताना मध्ये लावलेला स्वस्त चार्ज कंट्रोलर ४० मीटरवर असा खरखराट करतो की ऐकूच येत नाही. ऐकताना तो काढावा. अँटेना जोडल्याशिवाय पीटीटी दाबू नये, हेही सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

आपत्तीत परवाना कोण विचारतो, हा युक्तिवादही नेहमी ऐकू येतो. परवाना नसलेल्याने सराव कधी केलेला नसतो. ऐन वेळी तो रिपीटरवर (संदेश उचलून पुढे पाठवणाऱ्या सामायिक केंद्रावर) येऊन इतरांच्या संदेशावर बोलतो. रिपीटरची वारंवारता, ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारतेतला ६०० किलोहर्ट्झचा फरक आणि रिपीटर उघडणारा टोन हे कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, कारण मोबाइलमध्ये ठेवलेली यादी मोबाइलबरोबरच जाते.

महिन्यातून एकदा मी घराचा मेन स्विच बंद करतो, पेटी गच्चीवर नेतो आणि टॉर्चच्या उजेडात, घड्याळ लावून, अँटेना उभी करतो. मागच्या खेपेला सतरा मिनिटे लागली, त्यातली नऊ दोरी शोधण्यात गेली. ती मी पेटीत नव्हे, सायकलच्या कॅरिअरला बांधून ठेवली होती.