गावाच्या वाढत्या वयाचा हिशेब कसा मांडावा

२००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, आणि सिंधुदुर्गाचीही घटली. कमावत्या वयाची माणसे मुंबई-पुण्याकडे गेल्यामुळे मागे उरलेली गावे झपाट्याने म्हातारी झाली. राज्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण २०११ साली ९.९ टक्के होते, परंतु या सरासरीवरून एखाद्या वाडीची स्थिती कळत नाही. त्यामुळे कोकणातील ग्रामपंचायतींनी हा हिशेब स्वतःच मांडणे अगत्याचे आहे.

सुरुवात मतदार यादीपासून करावी, कारण तिच्यात प्रत्येकाचे वय नोंदलेले असते. मात्र ती जशीच्या तशी घेऊ नये. वर्षानुवर्षे मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांची नावे गावच्या यादीत असतात आणि त्यामुळे गाव कागदावर तरुण दिसते. आशा सेविकेची कुटुंब नोंदवही सोबत ठेवून घरोघर जावे आणि कुलूपबंद घरांची वेगळी नोंद करावी. ही फेरी गणपतीत किंवा शिमग्यात कधीही काढू नये, कारण त्या दिवसांत घरे भरलेली असतात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडी आणि शाळेच्या पटाचा आधार घ्यावा, आणि शिकायला बाहेरगावी असलेल्यांची चौकशी घरी करावी.

वृद्धांच्या वयाबाबत विशेष काळजी घ्यावी. पुष्कळजण अंदाजाने साठ, पासष्ट, सत्तर असा गोल आकडा सांगतात. अशा वेळी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपण शाळेत जात होता की लग्न होऊन सासरी आला होता, असे विचारल्यास खरे वय बरेच जवळ येते. मग साठ व त्यावरील माणसांच्या संख्येला १५ ते ५९ वयाच्या, गावात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांच्या संख्येने भागून शंभराने गुणावे, म्हणजे कमावत्या वयाच्या दर शंभर माणसांमागे वृद्ध किती ते कळते. मात्र या एका आकड्यावर थांबू नये. साठ ते एकोणसत्तर वयाची माणसे बहुधा अजून शेती करतात आणि नातवंडेही सांभाळतात, तेव्हा त्यांना सरसकट अवलंबून असलेले मानणे अन्यायाचे आहे. ऐंशीच्या पुढची माणसे, आणि त्यांतही एकट्या राहणाऱ्या विधवा, स्वतंत्र रकान्यात घ्याव्यात.

सर्वांत जास्त वेळ सांभाळाच्या प्रश्नावर द्यावा, कारण या कामाची नोंद कुठेच होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे सगळे करणाऱ्या सुनेला केवळ ‘काम करता का?’ असे विचारले तर ती ‘नाही, घरीच असते’ असे सांगेल. म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय केले, ते क्रमाने विचारून तास लिहावेत आणि त्यापायी सोडून द्यावी लागलेली मजुरी किंवा काजू कारखान्यातले काम शेजारी मांडावे. औषधांबाबतही तसेच करावे. ‘गोळ्या नियमित घेता का?’ या प्रश्नाला सगळेच होकार देतात. त्याऐवजी रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट दाखवायला सांगून ते कधी आणले आणि त्यात किती गोळ्या उरल्या, हे पाहिले की खरी परिस्थिती समजते. आरोग्य केंद्रापर्यंतचे रिक्षाभाडे औषधांपेक्षा महाग पडते का, हेही लिहावे.

पैशाची बाजू मांडताना मुलांनी पाठवलेली रक्कम, निवृत्तिवेतन, शेतीचे उत्पन्न आणि सरकारी अनुदान वेगवेगळे लिहावे. श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षांवरील निराधारांना दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण शेतात राबून बोटांच्या रेषा झिजल्यामुळे अंगठा जुळत नाही आणि हातात पडायचे पैसे अडकतात. अशा प्रत्येक व्यक्तीचे नाव टिपावे. पडीक पडलेली भातखाचरे किती, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कामगार किती, आणि सामायिक सातबाऱ्यामुळे कसता न येणारी जमीन किती, यावरून मनुष्यबळाची उणीव स्पष्ट होते. मुलांच्या नावे बक्षीसपत्र केलेल्या घरांत सांभाळाची अट दस्तात लिहिली आहे का, हेही विचारावे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे संरक्षण मागताना ती अट फार उपयोगी पडते.

हा हिशेब ग्रामसभेत मांडताना कोणाच्याही घरातील आजार किंवा भांडण नावानिशी वाचू नये. वाडीनिहाय आकडेच सांगावेत. १५ ऑगस्टची ग्रामसभा त्यासाठी सोयीची आहे, कारण पुढे गणपतीला आलेल्या चाकरमान्यांशी त्याच आकड्यांवर बोलता येते. मागण्याही नेमक्या असाव्यात. आठवड्यातून एक दिवस परिचारिकेने वाडीत यावे, अंगठा न जुळणाऱ्यांसाठी बँकेने डोळ्यांच्या पडताळणीची सोय करावी, आणि रुग्णाला डोलीतून उचलून रस्त्यापर्यंत आणावे लागते ती पायवाट विकास आराखड्यात सर्वांत आधी घ्यावी.